फुकटच्या गोळीचं भाडं

खराबवाडीत माझं औषधांचं दुकान आहे. चाकण एमआयडीसीची फर्स्ट शिफ्ट सुटली की काउंटरवर गर्दी होते. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या नेणारे त्यात पुष्कळ. अख्खी स्ट्रिप क्वचितच कुणी मागतं. "ताई, पगार होईपर्यंतच्या द्या," म्हणतात. यातल्या बहुतेकांच्या पगारातून ईएसआय कापलं जातं. ही गोळी त्यांना फुकट मिळायला हवी.

महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर कामगाराचे ०.७५ आणि मालकाचे ३.२५ टक्के या विम्यात जातात. १६,००० पगारावर कामगाराचे १२०, कंपनीचे ५२०. एवढ्यात घरच्यांचेही उपचार होतात. फार मोलाची सोय आहे ही. पण तज्ज्ञ डॉक्टर किंवा भरती म्हटलं की गाठायचं चिंचवडच्या मोहननगरचं कामगार विमा रुग्णालय. अंतर सुमारे २० किलोमीटर. तळेगाव चौकापर्यंत शेअर रिक्षा, तिथून पीएमपीनं भोसरी, भोसरीत पुन्हा दुसरी बस. चौकातल्या कोंडीत अडकलं की केसपेपरची वेळ टळते. सोबत बायको असेल तर भाडं दुप्पट.

भाड्याचं तरी कसंबसं जमतं, खाडा परवडत नाही. २६ दिवसांच्या हिशेबानं एका दिवसाचे सहाशेच्या वर जातात, हजेरी बोनस बुडतो तो वेगळा. आजारपणात ईएसआय वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन देतं खरं, पण नियमानं पहिले दोन दिवस वगळले आहेत; पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तरच ते धरतात. म्हणजे टायफॉइडनं अंथरुणाला खिळलेल्याला आधार आहे, शुगर तपासायला एक दिवस गेलेल्याला नाही.

त्या एका दिवसापायी माणसं महिनोन्‌महिने रक्त तपासत नाहीत. मागच्या चाळीतला एक वेल्डर जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या नेत राहिला. पायाची जखम चिघळली तेव्हा रात्री खासगी गाडी करून त्याला न्यावं लागलं. तेवढ्या पैशांत वर्षभराच्या बसफेऱ्या झाल्या असत्या. अपघाताला २०१४पासून १०८ची रुग्णवाहिका आहे, बाळंतिणीला सरकारी गाडी आहे. वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजाराला कुठलीच गाडी नाही, आणि माझ्या काउंटरवर तेच आजार जास्त येतात.

चाकणच्या कारखानदारांना माझी विनंती आहे. तुमच्या शिफ्टच्या बस रोज भोसरी-चिंचवडकडे जातात. महिन्यातून एक दिवस त्यात रुग्णांना बसू द्या, मोहननगरला उतरवा आणि त्या दिवसाची त्यांची हजेरी लावा. कंत्राटी कामगारांचीसुद्धा.