केळवणाचं टेबल, आपल्याच मळ्यातून

तुळशीचं लग्न लागलं आणि आपल्या सावद्यात लग्नसराईची गडबड सुरू झाली. घरोघरी केळवणं ठरतायत. परवा गटाच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "भाचीला जेवायला बोलवायचं फार मनात आहे. पण सगळ्यांचे फोटो बघते, मागे पडदा, फुलांची कमान. आपल्याला कुठे परवडणार? म्हणून गप्प बसले."

सजावटीपायी मावशीच्या घरचं केळवण राहून जावं, हे काही बरं नाही. तेव्हा आज कमी पैशात टेबल कसं सजवायचं ते बघू.

आधी पान. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती केळी आपल्या दारात आहे. पण घड लागलेल्या झाडाची पानं तोडू नका. पानांच्याच जोरावर घड भरतो, आणि थंडीत नवं पान उशिरा येतं. घड उतरवलेल्या झाडाची पानं घ्या. करप्यासाठी नुकतीच फवारणी झाली असेल तर तो मळा सोडा. पान धुऊन, पुसून विस्तवावरून हलकेच फिरवा, म्हणजे ते मऊ होतं, फाटत नाही. मागचा जाड दांडा तासला की पान टेबलावर सपाट बसतं. चीक नीट पुसा. त्याचा डाग नवरीच्या साडीला लागला तर निघत नाही.

आता मांडणी. भाड्याची टेबलं अरुंद असतात. दोन टेबलं लांबीला लांबी लावून जोडा, वर धुतलेली पांढरी चादर घाला. सहा फुटांत एका बाजूला तीनच पानं मांडा. पानाचं टोक जेवणारीच्या डाव्या हाताला ठेवा. मधोमध झेंडू-शेवंतीची माळ आडवी सोडा. उंच फुलदाणी नको, समोरासमोर बसलेल्यांची तोंडं दिसली पाहिजेत. रांगोळी जमिनीवर काढा, टेबलावर काढली तर वाऱ्याने ती जेवणात येते. पानाभोवती पाकळ्या पुरेत. माळेच्या कडेने बोरं, पेरू, हरभऱ्याचे डहाळे ठेवा, जेवण झाल्यावर तेच खाता येतात.

अंगणात बसणार असाल तर दुपारचं ऊन नवरीच्या पाठीवर येईल अशी तिची जागा ठेवा. डोळ्यांवर ऊन नको. भरीत-पुरी वाढा, जोडीला काही गोड करा. थर्माकोलच्या ताटांवर तर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे. आपलं पान जेवणानंतर गुरांना घालता येतं किंवा खतात जातं.

आणखी एक. गटाने मिळून चार चादरी आणि वाट्या-पेल्यांचा एक संच घेऊन ठेवला, तर प्रत्येकीच्या घरी तो आळीपाळीने वापरता येईल.

लग्नानंतर पोरगी सासरी जाते, मग तिला निवांत जेवू घालायला सवड कधी मिळेल? कुणाची भाची, पुतणी बोलवायची राहिली असेल तर आजच निरोप धाडा.