विश्लेषण : मालिकेचा भाग एकच, मग प्रत्येक घरात वेगळा का दिसतो?

रात्रीचा भाग संपतो. सासूबाई म्हणतात, ‘‘सून जरा अतीच करतेय.’’ सून म्हणते, ‘‘इतके सहन करायचेच कशाला?’’ सोफ्याच्या कोपऱ्यातला मुलगा मोबाइलमधून डोके वर न काढता म्हणतो, ‘‘सगळे टीआरपीसाठी चाललेय.’’ तिघांनी पाहिला तो एकच भाग, पण प्रत्येकाच्या मनात उरली ती वेगळी गोष्ट. मालिका-चित्रपटांवरच्या अशा घरगुती प्रतिक्रियांना आपण सहसा ‘आवडनिवड’ म्हणून सोडून देतो. मात्र या प्रतिक्रियांचा गांभीर्याने अभ्यास झाला आहे. त्यातून जे हाती आले, ते मालिका बनवणाऱ्यांनाही बुचकळ्यात टाकणारे होते.

‘हम लोग’ची भागवंती आदर्श कशी ठरली?

याचे भारतातले सर्वात बोलके उदाहरण म्हणजे ‘हम लोग’. दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ही मालिका डिसेंबर १९८५ पर्यंत चालली आणि तिचे १५६ भाग झाले. तिच्या जन्मकथेत एक मराठी माणूसही आहे. वर्ध्याचे खासदार आणि तेव्हाचे केंद्रीय मंत्री वसंत साठे १९८२ मध्ये मेक्सिकोला गेले होते. करमणुकीतून कुटुंबनियोजन, साक्षरता असे विषय लोकांच्या गळी उतरवणाऱ्या तिथल्या मालिका त्यांच्या पाहण्यात आल्या. मिगेल साबिदो या निर्मात्याने त्यासाठी एक साचाच तयार केला होता. त्यात एक पात्र चांगल्या वाटेचे, दुसरे वाईट वाटेचे आणि तिसरे दोहोंमध्ये घुटमळणारे असे. प्रेक्षकांनी चांगल्याचे फळ आणि वाईटाची फरफट पाहायची आणि आपण काय करायचे ते ठरवायचे, अशी ही योजना होती.

भारतात मनोहर श्याम जोशी यांनी लेखन केले आणि पी. कुमार वासुदेव यांनी दिग्दर्शन. सुरुवातीच्या १३ भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका ठासून भरला होता की, प्रेक्षक कंटाळले. त्यांच्या तक्रारींनंतर जोशींनी उपदेशाचे प्रमाण कमी केले आणि कुटुंबाच्या रोजच्या कटकटींना जागा दिली. मालिकेने पकड घेतली ती तिथून. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द सांगत. मालिकेच्या काळात चार लाखांहून अधिक पत्रे आली, अशी नोंद अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी केली आहे.

त्या कुटुंबाची आई म्हणजे भागवंती. नवरा बसेसर राम दारुडा, सासूचा जाच कायमचा आणि ही मुकाट्याने सारे गिळणारी. साबिदोच्या साच्यानुसार ती ‘असे वागू नये’ याचे उदाहरण होती. तिच्या हालअपेष्टा पाहून बायकांनी म्हणावे, आपण असे राहायचे नाही, ही अपेक्षा. प्रत्यक्षात अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. सोशिक, घर सांभाळणारी, नवऱ्याच्या चुका पोटात घालणारी अशी बाई म्हणजेच गुणी बाई, असे त्यांना वाटले. आणि हे मानणाऱ्यांत बायकाही होत्या.

इथे ‘प्रेक्षकांना कळले नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. दृश्य सर्वांना नीट कळले होते. भागवंतीवर अन्याय होतो आहे, यावर कुणाचेच दुमत नव्हते. फरक पडला तो त्यापुढे. ज्या बाईने स्वतः वीस वर्षे हेच केले, तिने भागवंतीला चूक म्हणायचे तर आधी स्वतःच्या वीस वर्षांना चूक म्हणावे लागते. पडद्यावरच्या बाईला आदर्श म्हणणे तिला त्याहून सोपे गेले असेल, तर नवल नाही.

याच मालिकेतल्या बडकीच्या बाबतीत उलटे घडले. लग्न करावे की नाही, या तिच्या दोलायमान मनःस्थितीत तरुणींनी तिला पत्रे लिहून सल्ले दिले. तिचे लग्न दाखवले गेले त्या संध्याकाळी उत्तर भारतात काही ठिकाणी दुकाने लवकर बंद झाल्याच्या नोंदी आहेत. मालिका संपल्यावर १९८७ मध्ये दिल्ली, मद्रास आणि पुणे परिसरातल्या हजाराहून अधिक प्रेक्षकांची पाहणी झाली. मालिका जास्त पाहिली म्हणून स्त्रियांच्या दर्जाविषयीची जाणीव वाढली, असे सरळ नाते तिच्यात दिसले नाही. साच्यातून जे घालावे तेच बाहेर येईल, ही कल्पना तिथेच डळमळली.

सू एलन नेमकी कुठे गेली?

‘हम लोग’मध्ये निदान प्रत्येकाने गोष्ट तीच पाहिली होती. इस्रायलमध्ये तर गोष्टच बदलली. ‘डॅलस’ ही टेक्सासमधल्या तेलसम्राट कुटुंबाची अमेरिकी मालिका १९७८ मध्ये सुरू झाली आणि जगभर पोहोचली. अमेरिकेच्या अशा मालिका साऱ्या जगाला अमेरिकेसारखा विचार करायला लावतील, अशी धास्ती तेव्हा जाणकारांत होती. हे खरे आहे का, हे तपासायला तमार लीबिस आणि एलिहू कॅट्झ यांनी एक साधी पद्धत वापरली. एकमेकांच्या ओळखीची तीन जोडपी कुणाच्या तरी घरी जमायची, भाग पाहायची आणि नंतर त्यावर गप्पा मारायची. संशोधक त्या गप्पा टिपून घेत. इस्रायलमधले अरब, मोरोक्कोहून आलेले ज्यू, रशियातून नुकतेच आलेले स्थलांतरित, किबुत्झवर राहणारे लोक आणि लॉस एंजेलिसमधले अमेरिकी असे वेगवेगळे गट त्यात होते.

एका भागात जे. आर. या बेरकी नायकाची बायको सू एलन बाळाला घेऊन घर सोडते. ती जाते आपल्या पूर्वीच्या प्रियकराकडे, जो त्याच्या वडिलांच्या घरी राहतो. अरब प्रेक्षकांच्या एका गटाने मात्र गप्पांत एकमेकांना दुजोरा देत सांगितले की, ती आपल्या वडिलांकडे गेली. म्हणजे माहेरी. नवऱ्याशी बिनसले, कडेवर मूल आहे, अशी बाई आणखी कुठे जाणार? पडद्यावरचे ‘प्रियकराच्या वडिलांचे घर’ त्यांच्या बोलण्यात नकळत ‘तिच्या वडिलांचे घर’ झाले. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी.

या गटांची गोष्ट सांगण्याची पद्धतही निराळी निघाली. अरब आणि मोरोक्कन गटांनी आधी काय झाले, मग काय झाले, अशी क्रमाने गोष्ट सांगितली. अमेरिकी आणि किबुत्झमधले लोक पात्रांच्या स्वभावावर बोलले. कोण असे का वागतो, याची चिकित्सा करत बसले. रशियन मंडळींनी गोष्ट जवळजवळ बाजूलाच ठेवली आणि यातून निर्मात्यांना आपल्या डोक्यात काय भरवायचे आहे, याचा माग काढला. सरकारी प्रचाराच्या छायेत आयुष्य काढलेल्या माणसांना हा संशय स्वाभाविकच होता. सोफ्याच्या कोपऱ्यातून ‘सगळे टीआरपीसाठी’ म्हणणारा मुलगा त्यांच्याच पंगतीतला.

मालिका पाहतो, हे सांगायची लाज का वाटते?

त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये इयेन आंग या अभ्यासिकेने महिलांच्या एका मासिकात छोटी जाहिरात दिली : ‘डॅलस’ तुम्हाला का आवडते किंवा का आवडत नाही, ते लिहून कळवा. तिला ४२ पत्रे आली आणि तेवढ्यावर तिने एक पुस्तक लिहिले. मालिका न आवडणारे ठामपणे लिहीत होते. स्वस्त, भडक, अमेरिकी कचरा वगैरे. आवडणारे मात्र आधी सफाई देत, मग आवडते म्हणून कबूल करत. काहींनी तर आम्ही थट्टा करायला म्हणून बघतो, असे सांगून सुटका करून घेतली. ‘मी नाही हो बघत, आई लावते म्हणून कानावर पडते’ हे वाक्य मराठी घरांत किती वेळा ऐकू येते, ते आठवून पाहावे. अभिरुचीची ही भीती खऱ्या प्रतिक्रियेवर पांघरूण घालते.

आंग यांच्या हाती लागलेली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. महाल, तेलविहिरी, कोट्यवधींचे सौदे यांतले काहीच पत्र लिहिणाऱ्यांच्या आयुष्यात नव्हते. तरी त्यांना मालिका ‘खरी’ वाटत होती. घर खोटे, पण घरातली भांडणे आणि नंतरचा अबोला खरा. मालिकेला ‘असे कुठे असते का?’ म्हणून हसणारा आणि त्याच प्रसंगाला डोळे पुसणारी बाई, दोघे वेगवेगळ्या खरेपणाविषयी बोलत असतात.

पात्राला खरे मानणे हा भाबडेपणा?

पडद्यावरच्या व्यक्तीशी प्रेक्षकाचे एकतर्फी पण जिवंत नाते जुळते, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच मांडले. मराठीत त्याचे उदाहरण निळू फुले. पडद्यावर त्यांनी रंगवलेल्या बेरकी पाटलांनी आणि साखरसम्राटांनी अशी दहशत बसवली की, खेड्यापाड्यांत बायका त्यांना प्रत्यक्षातही बिचकत. हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेला, सामाजिक चळवळींत वावरणारा होता. पण त्या भीतीत निव्वळ अज्ञान शोधू नये. तसा पाटील गावात होता, त्याची नजर ओळखीची होती, म्हणूनच तर ती भीती पडद्यावरून इतक्या सहज उतरली.

द्रौपदीच्या वस्त्रहरणाबाबत पूर्णिमा मंकेकर यांना दिल्लीत हेच आढळले. बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर आले. त्यानंतर मंकेकर यांनी निम्न मध्यमवर्गीय वस्त्यांतल्या स्त्रियांशी दीर्घकाळ बोलून त्यांच्या प्रतिक्रिया गोळा केल्या. बोलणे द्रौपदीपासून सुरू होई आणि थोड्याच वेळात स्वतःवर येई. भरल्या सभेत गप्प बसलेल्या थोरांविषयी बोलताना या बायका आपले सासर, आपली असुरक्षितता आणि मदतीला न आलेली आपलीच माणसे यांविषयी बोलू लागत. एरवी हे बोलायची सोय नव्हती. द्रौपदीच्या नावाने ते बोलता आले.

‘सैराट’ संपल्यावर काय झाले?

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी आला. ‘झिंगाट’ लागले की प्रेक्षक चित्रपटगृहात नाचत होते आणि शेवटाला तेच प्रेक्षक गप्प होऊन बाहेर पडत होते. नंतरच्या चर्चेत मात्र चित्रपटाचे तुकडे झाले. कुणासाठी ती कॉलेजातली प्रेमकथा होती. कुणासाठी ती आपल्या वस्तीत घडलेली, नाव न घेता येणारी घटना होती. कुणाला त्यात आपल्या समाजाची बदनामी दिसली, तर कुणाला पोरे बिघडण्याचे कारण. यातल्या काही प्रतिक्रिया चुकीच्याच होत्या, असे म्हणता येते आणि म्हणायलाही हवे. जातीसाठी झालेला खून पाहून ‘मुलीने पळायलाच नको होते’ एवढेच सुचणे ही निव्वळ आवडनिवड नव्हे. पण ती प्रतिक्रिया ऐकू आली, म्हणून निदान ती कुठून येते हे कळले.

मग टीआरपी काय मोजते?

सध्या ‘बार्क’ ही संस्था देशभरातल्या ५० हजारांहून अधिक निवडक घरांत मीटर बसवून पाहणीचे आकडे काढते. घरातल्या प्रत्येक सदस्याला एक बटण दिलेले असते. टीव्हीसमोर बसताना ते दाबायचे. कोणत्या वाहिनीवर कोण किती वेळ होते, हे त्यातून कळते. ओटीटीचेही थोड्याफार फरकाने तेच. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये पाच ताऱ्यांची पद्धत बंद करून अंगठा वर किंवा खाली एवढेच ठेवले आणि २०२२ मध्ये फार आवडल्यास दोन अंगठ्यांची सोय केली.

व्यवसायासाठी हे आकडे लागतातच, त्यावर जाहिरातीचे दर ठरतात. अडचण निर्माण होते ती या आकड्यांवरून गोष्ट लिहायला घेतल्यावर. सुनेचा छळ दाखवणाऱ्या आठवड्यात आकडा वाढला, की लेखकाला छळ वाढवायला सांगितले जाते. प्रेक्षकांना हेच हवे आहे, हा त्यामागचा हुकमी युक्तिवाद. पण त्या आठवड्यात एक बाई ‘बरी अद्दल घडली’ म्हणून बघत असेल, दुसरी ही कधी एकदा उलटून बोलते याची वाट बघत असेल आणि तिसरीला हे सारे आपल्याच घरचे वाटत असेल. मीटरच्या लेखी तिघी सारख्याच.

चार लाख पत्रे वाचायलाही दूरदर्शनकडे माणसे नव्हती. सिंघल आणि रॉजर्स यांनी त्यातली ५०० निवडून बारकाईने वाचली. भागवंतीचे काय झाले, ते कळायला तेवढी पुरली.