फैजपूरचा लाल, अळंबीचा लाल

‘केळीच्या वाळल्या पानांवर धिंगरी अळंबी घेतो. तिच्यापासून कापडाचा रंग निघेल का?’ असं यावलकडच्या एका वाचकाने विचारलंय. निघणार नाही. धिंगरी खावी, विकावी. रंगाच्या अळंब्या वेगळ्या आणि त्यातल्या काही चक्क विषारी.

कॅलिफोर्नियातल्या मिरियम राइस या कलावतीने गंधकी पिवळ्या अळंब्यांचा असाच एक विषारी झुबका लोकरीबरोबर उकळून पाहिला. लोकर लिंबासारखी पिवळीधमक झाली. मग बाईंनी एकामागून एक अळंब्या पातेल्यात घातल्या आणि 1974 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या, म्हणून असेल, त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.

लाल रंगासाठी युरोपातल्या स्प्रूसच्या जंगलातली रक्तवर्णी कॉर्टिनेरियस प्रसिद्ध आहे. तिच्यातली इमोडिन आणि डर्मोसायबिन ही द्रव्यं अँथ्राक्विनोन घराण्यातली. खरी गंमत इथे आहे. आपल्याकडच्या आल या रंगाच्या झाडाच्या मुळातलं मोरिंडोन त्याच घराण्यातलं आणि सोनामुखीतली रेचक द्रव्यंही! आजीच्या जुलाबाच्या पुडीचं आणि तिच्या लुगड्याच्या लाल काठाचं हे असं चुलतनातं. रंग पक्का बसतो तो तुरटीमुळे: रेणूतले शेजारचे दोन ऑक्सिजन तिच्यातल्या ॲल्युमिनियमला पकडतात आणि ॲल्युमिनियम धाग्याला.

अळंबीच्या औषधांचं काय? सह्याद्रीत फणसाच्या खोडावरचा लाकडासारखा टणक फणसोंबा उगाळून, लाळ गळणाऱ्या मुलांच्या हिरड्यांना लावतात. पुण्याचे कवकतज्ज्ञ जे. जी. वैद्य यांनी अशा वापरांच्या नोंदी केल्या. पण वापराची नोंद म्हणजे गुणाचा पुरावा नव्हे. कर्करोगावर म्हणून खपवल्या जाणाऱ्या गॅनोडर्मा या अळंबीच्या महागड्या कॅप्सूलचं उदाहरण घ्या. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याला 5 चाचण्यांमधून मुख्य उपचार म्हणून ती द्यावी इतका पुरावा मिळाला नाही. चालू उपचार सोडून कॅप्सूलच्या नादी लागणं हा निव्वळ घातकी वेडेपणा आहे.

अळंबीच्या रंगाचा ‘पर्यावरणस्नेही’ गाजावाजाही मला पटत नाही. स्प्रूसच्या मुळांशी संसार करणारी ती कॉर्टिनेरियस सातपुड्यात यायची कुठून? उलट 1936 च्या काँग्रेस अधिवेशनामुळे सगळ्यांना ठाऊक असलेलं फैजपूर त्याआधी गडद निळ्या आणि लाल रंगाईसाठी नावाजलेलं होतं. ब्रिटिशकालीन गॅझेटियर तिथे रंगाऱ्यांची सुमारे 250 कुटुंबं सांगतं. 1868 मध्ये मुळांमधलं एक लाल द्रव्य, अलिझरिन, प्रयोगशाळेत तयार झालं आणि देशोदेशी मुळांचे रंग मागे पडले.

फैजपूर परिसरात कुणाच्या घरी रंगाईच्या जुन्या वह्या, मापं, कृती असतील तर त्या रद्दीत घालू नका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला निदान दाखवा तरी.