इंजिन बांधायचं की बदलायचं?

चिंचपाडा सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. पण नवापूर तालुक्याच्या या भागात पाड्यावरचा माल बाजारापर्यंत पोचवते ती पिकअप. भात, तूर, पोल्ट्रीतल्या कोंबड्या, ऊसतोडीला गुजरातेत निघालेल्या टोळीचं बिऱ्हाड, लग्नाचा मांडव, सगळा भार तिच्यावर. अशा गाडीचं इंजिन बसलं की त्याच दिवसापासून घरातली आवक थांबते. नव्या गाडीचे हप्ते झेपत नाहीत आणि जुनी भंगारात द्यायला मन होत नाही. मग आहे तेच इंजिन खोलून नव्याने बांधायचं की दुसरं टाकायचं, याचा विचार सुरू होतो. माझं मत आधीच सांगतो: ब्लॉक शाबूत असेल तर बांधावं.

या मताला इतिहासाचा आधार आहे. महिंद्राच्या जुन्या पिकअपमधलं 2523 सीसीचं डीआय इंजिन उघडलं तर सिलिंडरचा बोअर 88.9 मिलिमीटर आणि स्ट्रोक 101.6 मिलिमीटर भरतो. म्हणजे नेमके साडेतीन इंच आणि चार इंच. ही मापं इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनांची. 1963 साली महिंद्राने त्या अमेरिकन कंपनीशी भागीदारी करून ट्रॅक्टर बनवायला घेतले आणि बी-275 ट्रॅक्टर शेतोशेती पोचला. शेतात तासन् तास राबेल आणि गावातल्या मिस्तरीला खोलता येईल, अशी ती घडण होती. पिकअपला ती वारशात मिळाली. जीपमध्ये बसणारं 2112 सीसीचं प्यूजो घराण्याचं डिझेल इंजिन इगतपुरीत तयार व्हायचं, मॅटाडोर आणि ट्रॅक्समधलं मर्सिडीज घराण्याचं इंजिन आकुर्डीच्या बजाज टेम्पोचं, आणि त्यांना लागणारे नोझल नाशिकच्या मायको कारखान्यात बनायचे. जुनी डिझेल गाडी आजही दुरुस्त होते, तिचे सुटे भाग आजही मिळतात, त्यामागे या कारखान्यांनी घडवलेल्या कारागिरांच्या पिढ्या आहेत. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फार थोडं लिहिलं गेलं, याची मला खंत वाटते.

इंजिनाचं काम निघालं हे आधी धूर सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. बऱ्याचदा एअर फिल्टर साफ करून आणि पंप-नोझल तपासून भागतं. थंडीत सुरुवातीला दिसणारा पांढरा धूर विरत नसेल आणि रेडिएटरचं पाणीही घटत असेल, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. निळा धूर मात्र ऑइल जळतंय हे सांगतो. त्यात ब्रीदरमधून भकाभका वाफ येत असेल आणि कोंडाईबारी घाटाच्या चढावर गाडी भरल्या मालानिशी दम टाकत असेल, तर रिंगा आणि लाइनर झिजलेत असं धरून चालावं. तरीही आधी कॉम्प्रेशन मोजावं. चारपैकी एकच सिलिंडर कमजोर निघाला, तर कदाचित नुसत्या व्हॉल्व्हच्या कामावर सुटका होते. न मोजता इंजिन उतरवणारा मिस्तरी कितीही नावाजलेला असो, त्याच्या हाती गाडी देऊ नये.

खरं काम इंजिन चेन कुप्पीला टांगून खाली उतरल्यावर सुरू होतं. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे थांबून परत फिरते तिथे, आणि पिस्टनचा दाब ज्या बाजूला पडतो त्या बाजूला, झीज सर्वांत जास्त. त्यामुळे गोल भोक किंचित लंबगोल होतं. बोअर गेज वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं फिरवलं तरच ते कळतं. बोट फिरवून कळत नाही. क्रँकचीही तीच गोष्ट. तिची जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, झिजली असली की ती घासून लहान करतात आणि तेवढी जाड बेअरिंग टाकतात. गॅरेजच्या भाषेत ही ‘दहा’, ‘वीस’, ‘तीस’, ‘चाळीस’ची बेअरिंग, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेली. क्रँक चाळीसवर गेली की तिचं आयुष्य जवळपास संपलं असं समजावं. जुनी पिकअप विकत घेणाऱ्याने विक्रेत्याला हाच प्रश्न आधी विचारायला हवा: क्रँक कितीवर आहे?

लाइनर, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग ही कामं यंत्रावरची. ती नंदुरबार, धुळे किंवा सुरतेकडच्या वर्कशॉपला पाठवावी लागतात. परत जोडणी गावात होते आणि घोटाळे बहुतेक इथेच होतात. ऑइलच्या वाटा नीट धुतल्या नाहीत तर बोअरिंगचा कीस बेअरिंगमध्ये जातो आणि नवं इंजिन थोड्याच दिवसांत ठोकायला लागतं. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळायचे असतात. अंदाजाने आवळले तर गॅस्केट उडते. रिंगच्या दोन टोकांतली फट मोजायची, टॅपेट लावायचं, पंपाचं टायमिंग जुळवायचं. शिवाय इंजिन बसलं कशामुळे, हे न शोधता नवं बांधणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. रेडिएटर चोंदलेला, पंखा सैल, ऑइल हलकं, नाहीतर रोजचाच बेसुमार भार, यांतलं काहीतरी असतंच. बांधून झाल्यावर सुरुवातीचे हजारेक किलोमीटर हलका माल, बेताचा वेग आणि लवकर ऑइल बदल, एवढी शिस्त पाळावी लागते. हंगाम तोंडावर आलेल्या मालकाला नेमकी हीच जड जाते. म्हणून हे काम पावसाळ्यात उरकलेलं बरं.

दुसरं इंजिन टाकण्याचा मोह मी समजू शकतो. पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवणारे कारागीर एकेकाळी गावोगाव होते आणि त्यांनी कित्येक घरं चालवली. पण माउंटिंग, बेल हाउसिंग, पायलट बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टची लांबी, रेडिएटरची ताकद हे सगळं जुळवताना बचत विरून जाते, आणि इंजिन जास्त ताकदीचं असेल तर जुने ब्रेक पुरे पडत नाहीत. कायद्याची बाजूही कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात तेच स्पष्ट केलं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकायचं तरी आरटीओची परवानगी, आणि बदल झाल्यावर 14 दिवसांत आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद हवी. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांनंतर दरवर्षी तपासलं जातं. नंबर जुळला नाही तर पासिंग अडतं, आणि अपघात झाला तर विमाही.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषण मानक लागू झालं. नव्या पिकअपमध्ये डिझेलचा दाब, हवा, धूर यांवर सेन्सर आणि संगणकाची नजर असते. हवा स्वच्छ राहायला हे हवंच. जुन्या धुराचं समर्थन कुणी करू नये. पण बांधणीची कला तिथेही संपत नाही. त्या इंजिनातही पिस्टन, रिंग, क्रँक आहेत आणि मापं आणखी काटेकोर आहेत. नवापूर-नंदुरबारकडच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांच्या हाती बोअर गेज आणि स्कॅनर दोन्ही पडायला हवेत, आणि त्यांना एक तरी जुनं 2523 सीसी इंजिन पूर्ण खोलून, मोजून, जोडून, सुरू करून दाखवायला लावलं पाहिजे.