सायकलच्या हँडलवर जुना मोबाइल

रविवारी पहाटे बंगळुरूच्या हेब्बाळ उड्डाणपुलाजवळ उभे राहिले, की उत्तरेकडे निघालेले सायकलस्वार दिसू लागतात. डोक्यावर हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा. बहुतेकांना गाठायचे असते नंदी हिल्स. शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवरचा, १,४७८ मीटर उंचीचा हा डोंगर. काहींच्या हँडलवर वेग, अंतर आणि चढ दाखवणारे छोटे यंत्र असते. हाच तो सायकल-कॉम्प्युटर. चांगल्यापैकी घ्यायचा तर वीस-तीस हजार रुपये मोजावे लागतात. म्हणजे साध्या सायकलीहून महाग!

घरातल्या मुलाने किंवा मुलीने त्यासाठी हट्ट धरला, तर आधी कपाटात पडून असलेला जुना स्मार्टफोन बाहेर काढावा. त्याचा कॅमेरा बिघडला असला किंवा त्यात सिमकार्ड नसले तरी बिघडत नाही. उपग्रहांचे संकेत घेऊन तो जागा, वेग आणि अंतर सांगू शकतो. फक्त सुरुवातीला उघड्या आकाशाखाली थोडा वेळ थांबावे लागते. काही नव्या फोनना अमेरिकेच्या जीपीएसबरोबर आपल्या इस्रोच्या ‘नाविक’चे संकेतही मिळतात. इस्रोचे मुख्यालय बंगळुरूतच आहे.

मग आणखी सेन्सर कशाला? कारण याच शहरात मेट्रोचे पूल, उंच इमारती आणि दाट झाडे आहेत. त्यांच्याखाली संकेत अडतात आणि पडद्यावरचा वेग उगाच उड्या मारू लागतो. चाकाच्या हबवर बसवायचा सेन्सर मात्र आकाशाकडे पाहतच नाही. तो फक्त चाकाचे फेरे मोजतो आणि ब्लूटूथने फोनला कळवतो. आत नाण्याएवढा सेल असतो, तो अनेक महिने पुरतो. साधा सेन्सर दोनएक हजारांत मिळू शकतो. खरेदी करताना खोक्यावर ‘ब्लूटूथ’ लिहिले आहे ना, ते पाहावे. नुसते ‘अँट प्लस’ असेल, तर बहुतेक फोनशी त्याचे जुळत नाही.

फेऱ्यांवरून अंतर काढायचे, तर चाकाचा घेर ॲपमध्ये बरोबर भरायला हवा. तो घरीच मोजता येतो. टायरमध्ये नेहमीएवढी हवा भरा, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खडूने खूण करा, सायकलवर बसून सरळ रेषेत चाकाचा एक फेरा पूर्ण करा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांमधले अंतर हाच घेर. रेसिंग सायकलीचा तो साधारण २.१ मीटर भरतो. जाड टायरच्या मोठ्या चाकाचा घेर २.३ मीटर असताना २.१ भरला, तर ५० किलोमीटरची फेरी ४६ च्या आतच दिसेल आणि बिचारा स्वार आपण मंद झालो म्हणून खंत करत बसेल.

गुडघ्यांसाठी

खरे तर वेगापेक्षा पॅडलचे फेरे मोजणारा सेन्सर अधिक उपयोगी. तो क्रँकवर बसतो. नवशिके बहुधा जड गिअर लावून मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्यांवर जोर काढतात आणि त्यामुळे गुडघ्यांवर जास्त भार येतो. सपाट रस्त्यावर हलका गिअर लावून हळूहळू ८०-९० फेऱ्यांची सवय केली, तर नंदीच्या घाटापर्यंत पाय ताजे राहतात. चढावर आकडा उतरणारच. तिथे स्वतःशी भांडू नये. काही स्वस्त सेन्सर एका वेळी एकच काम करतात. सेल काढून पुन्हा घातला, की चाकाऐवजी पॅडल मोजू लागतात. दोन्ही हवे असतील, तर दोन घ्यावेत. ॲप दाखवते त्या कॅलरींवर मात्र फार विसंबू नये. तो अंदाज असतो.

रोजचा महागडा फोन हँडलवर लावू नये. मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा खुद्द ‘ॲपल’नेच २०२१ मध्ये दिला होता. सायकलला इंजिन नसते, पण खड्डे असतातच. पावसासाठी झाकण, घट्ट बसणारा होल्डर आणि सायकलवर बसल्यावर हलवून पाहण्याची सवय हवी. पडदा सतत उजळ ठेवल्याने बॅटरी लवकर उतरते. लांबच्या फेरीत तो बंद ठेवला तरी नोंद चालू राहते. आकडे घाटावर पोहोचल्यावर, चहा घेताना पाहावेत. हेब्बाळच्या वाहतुकीत नजर रस्त्यावरच हवी.