सोलरच्या प्लेटा कशा पुसाव्या?

आपल्या लोहाऱ्यात घरांच्या स्लॅबवर आता सोलरच्या प्लेटा दिसू लागल्या आहेत. २०२४ साली केंद्र सरकारने पीएम सूर्यघर योजना काढली. तीन किलोवॅटच्या प्लेटा बसवल्या, तर ७८,००० रुपये अनुदान मिळते. बाकीचे पैसे घरातले, नाही तर बँकेच्या कर्जाचे. म्हणजे ही दावणीची बैलजोडीच झाली. बैलाला आपण धुतो, पुसतो. मग प्लेटांकडे पाहायचे नाही काय?

कोणी म्हणतात, "गुरुजी, चार महिने पाऊस पडतो. तोच प्लेटा धुऊन काढील." हे बोलणे अर्धेच खरे आहे. जोराच्या सरीने कोरडी धूळ वाहून जाते. पण पाखरांची विष्ठा घट्ट चिकटते. ती पावसाने निघत नाही. श्रावणात झड लागली की हवा दमट होते. प्लेटेच्या खालच्या कडेला पाणी आणि माती साचते. तिथे हिरवे शेवाळ धरते. पुढे कापूस वेचणीचे दिवस येतात. रात्री दहिवर पडते. दिवसा रस्त्याची आणि एमआयडीसीतल्या ट्रकांची धूळ उडते. ओल्या काचेवर धूळ बसली आणि ऊन लागले, की तिची खपली होते. ती फुंकरीने उडत नाही.

थोड्याशा घाणीने एवढे काय बिघडते? ऐका. काचेखाली काळसर चौकटी असतात. त्या साखळीसारख्या एकीला एक जोडलेल्या असतात. ओलिताच्या पाटात एका जागी ढेकूळ अडकले, तर पुढचे पाणी अडते. तसेच इथे होते. एका चौकटीवर विष्ठेचा डाग पडला, तर तिच्या ओळीतली वीज अडते. शिवाय झाकलेली चौकट तापते. डाग फार दिवस राहिला, तर ती जळूही शकते. म्हणून सगळीकडच्या पातळ धुळीपेक्षा एक जाड डाग वाईट.

आता पुसायचे कसे ते पाहू.

सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर पुसा. दुपारी काच फार तापलेली असते. तिच्यावर थंड पाणी ओतले, तर तडकू शकते. आधी साधे पाणी ओता. डाग भिजू द्या. मग मऊ फडक्याने किंवा स्पंजने पुसा. लांब दांडीला स्पंज बांधला, तर हात पोचतो. खालची कड विसरू नका. बोअरचे पाणी जड असेल, तर काचेवर पांढरे डाग राहतात. म्हणून शेवटी कोरड्या फडक्याने पाणी टिपून घ्या. पावसाचे साठवलेले स्वच्छ पाणी सगळ्यांत चांगले.

राख, वाळू, विटेची पूड, तारेची घासणी लावू नका. ती भांड्यांना ठीक. काचेवर ओरखडे पडतात आणि ते कायमचे राहतात. प्लेटेवर पाय देऊ नका. वरून काच शाबूत दिसते, पण आतल्या चौकटी तडकतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. खालचे बटण बंद केले, तरी उजेड आहे तोवर प्लेटेत वीज असते. ओळीने जोडलेल्या प्लेटांत ती शेकडो व्होल्ट होऊ शकते. म्हणून वायरी आणि जोड यांना हात लावू नका. वानरांच्या उड्यांनी काच फुटली असेल, वायर सोललेली असेल, तर पाणी मारू नका. बसवणाऱ्या माणसाला बोलवा. ओल्या स्लॅबवर, टिनावर पाय घसरतो. एकट्याने चढू नका. पोराबाळांना चढवू नका. विजा कडाडत असतील, तर वर जाऊच नका. चार युनिट कमी झाले तर चालेल. माणूस पडला तर घर बसते.

किती दिवसांनी पुसावे? उन्हाळ्या-हिवाळ्यात पंधरा दिवसांनी पाहावे. पावसाळ्यात डाग आणि शेवाळ दिसले, की काढावे.

आणि एक करा. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. एक वही घाला. रोज संध्याकाळी सोलरच्या मीटरचा आकडा लिहा. कालचा आकडा आजच्यातून वजा करा. तेवढे युनिट आज तयार झाले. स्वच्छ उन्हात एका किलोवॅटला सुमारे चार युनिट मिळतात. तीन किलोवॅटला बारा. ढग असले तर कमी होणारच. तो प्लेटांचा दोष नाही. पण ऊन कडक आहे आणि आकडा रोज उतरतो आहे, तर वर जाऊन पाहा. पुसल्यावर दुसऱ्या दिवशीचा आकडा लिहा. फरक तुमच्याच अक्षरात तुमच्यासमोर येईल.

प्लेटा बोलत नाहीत. त्यांचे दुखणे वहीच सांगते.