'वास' काही मुळातच घाणेरडा नाही

'वास' म्हटलं की दुर्गंधीच, असा समज आता छापील मराठीतही मुरला आहे. अगरबत्तीच्या पुड्यावर 'सुगंध' किंवा 'दरवळ' शोभतो आणि 'वास' उरतो गटारासाठी, मोज्यांसाठी. पण हा शब्द मुळातच वाईट असता तर 'सुवास' हा शब्द जन्मालाच आला नसता. किराणा दुकानात आजही 'वासाचा तांदूळ' मागितला की दुकानदार आंबेमोहोराकडे हात नेतो, कुबट पोत्याकडे नाही. बासमतीला जो वास असतो आणि आंबेमोहोराला जो असतो, त्या दोन्हींमागे मुख्यतः २-ॲसिटिल-१-पायरोलिन हे एकच रसायन आहे. 'वासाचं तेल' म्हटल्यावरही खवट तेल कुणाच्या मनात येत नाही.

यावर कुणी म्हणेल, की व्युत्पत्ती काहीही असो, 'डब्याला वास येतोय' म्हटल्यावर डबा उघडायची इच्छा होत नाही, हे तर खरं ना? खरंच आहे. पण तो वाईटपणा 'वास'मध्ये नसून वाक्याच्या बांधणीत आहे. 'भाजीचा वास येतोय' म्हटलं तर भूक चाळवते. 'भाजीला वास येतोय' म्हटलं तर भाजी फेकून द्यावी लागते. शब्द तोच, क्रियापद तेच, बदलला तो फक्त प्रत्यय. बकुळीला वास असतो, नासक्या दुधाला तो येतो. जिथे वास येणं अपेक्षित नाही तिथे तो आला, एवढं सांगणं हीच तक्रार होते. 'घाण' किंवा 'वाईट' असं विशेषण जोडावंच लागत नाही. 'मारणे' या क्रियापदाला मात्र दुसरी बाजू नाही. चपला वास मारतात, मोगरा कधीच मारत नाही. आणि काही ठिकाणी तर 'वास' या तटस्थ शब्दाशिवाय पर्यायच नसतो. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्काप्टन मिसळतात. तिथे सूचना द्यायची तर 'गॅसचा वास आल्यास' असंच म्हणावं लागतं. 'सुगंध' तिथे हास्यास्पद, आणि 'दुर्गंध' म्हटलं तर माणूस आधी कचऱ्याची बादली तपासेल.

अर्थाने खरोखर घसरलेला शब्द वेगळाच आहे: 'घाण'. संस्कृत 'घ्राण' म्हणजे हुंगणं, नाक. प्राकृतात त्याचं 'घाण' झालं आणि मराठीत आलं ते थेट नाकाला झोंबत. पुष्कळांना वाटतं की घाण म्हणजे कचरा, आणि त्याच्या वासाला आपण लाक्षणिक अर्थाने घाण म्हणतो. प्रवास बहुधा उलटा झाला असावा: आधी वास, मग तो ज्याला येतो ती वस्तू. 'घाण सुटली', 'घाण मारते' या प्रयोगांत तो जुना अर्थ आजही शाबूत आहे, कारण सुटतो आणि मारतो तो वास. कचरा नुसता पडून असतो. 'सुवासिनी'ला मात्र गंधाच्या 'वास'च्या कुळात ओढू नये. तिच्यातला 'वास' राहण्याचा, निवासाचा. गजऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.